मशेरीचा हप्ता

लालबागला मसाल्याच्या एका दुकानात दमयंती घाडी एकवीस वर्षं मिरच्यांची देठं खुडत होती. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, कुठलीही मिरची हातात आली की न बघता ओळखायची. म्हणून तिला धाप लागायला लागली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. "खकाणा बसला असेल छातीत, गूळ खा," असं सोबतच्या बायका म्हणाल्या. दमयंतीने महिनाभर गूळ खाल्ला. मग एके दिवशी चाळीच्या पहिल्या मजल्यावरच ती जिन्यात बसली. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीपर्यंतच्या चौदा पायऱ्या काही तिला चढवेनात. मुलगा रूपेश कामावरून आला तेव्हा ती तिथेच कठड्याला टेकून बसलेली होती, ओठ काळेनिळे पडलेले.

घरात ही दोघंच. नवरा गेला तेव्हा रूपेश आठवीत होता. आता तो चौतिशीचा, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. लग्नाचं जमत आलं की खोलीचा आकार बघून मोडायचं.

त्याने तिला परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. सहा वर्षांपूर्वी दोघांच्या नावावर आरोग्य विमा काढलेला होता आणि एकही हप्ता चुकलेला नव्हता, त्या भरवशावर. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप लहानपणच्या कुठल्याशा तापाने आखडत आखडत आता पार आवळली होती. झडप बदलावी लागणार होती. "तीन आठवड्यांच्या आत करून टाकू, जास्त थांबू नका," असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि चोवीस तारीख दिली. खर्च साडेचार लाख. सरकारी हॉस्पिटलात योजनेतून फुकट झालं असतं, पण तिथे नंबर लागायला चार महिने होते.

दाखल होण्याआधी एक तरुण डॉक्टर कागद भरायला बसली. साखर आहे का, प्रेशर आहे का, दारू, सिगारेट. शेवटी तिने सहज विचारलं, "मशेरी लावता का, मावशी?"

"लावते की. सकाळ-संध्याकाळ."

"किती वर्षं?"

"लग्न होऊन मुंबईत आले तेव्हापासून. चाळीस धरा."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. तव्यावर करपवून चुरलेली तंबाखू दाताला चोळायची, ही सवय दमयंतीला सासूने लावली होती. मजल्यावरच्या निम्म्या बायका लावायच्या. यात सांगण्या-लपवण्यासारखं काही असतं, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं. दमयंती तंबाखू घेत असल्याने पॉलिसीचा हप्ता पहिल्या वर्षापासून चढ्या दराने लागायला हवा होता, सबब सहा वर्षांचा फरक, त्यावर व्याज आणि कर मिळून एकसष्ट हजार तीनशे ऐंशी रुपये एकोणीस तारखेच्या आत भरावेत. सोबतच्या कबुलीपत्रावर विमाधारकाची सही हवी. तोवर हॉस्पिटलचं बिल मंजूर होणार नाही, आणि मुदत टळली तर पॉलिसीच रद्द.

रूपेशने ते दोनदा वाचलं आणि आईवर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"कशाला सांगितलंस तिला? कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

"अगं, विचारलं म्हणून काय सगळं ओकायचं?"

खोटं बोलायला हवं होतं हे दमयंतीला पटत नव्हतं, आणि पोराचा चेहरा बघवत नव्हता.

पॉलिसी काढून देणारा धनेश त्याच चाळीतला. तेव्हा त्याने दारात उभ्या उभ्या मोबाइलवर फॉर्म भरला होता. "मावशी, सिगारेट, गुटखा काही?" असं त्याने विचारलं होतं आणि ती हसून त्याला मारायला धावली होती. आता तो एजन्सी सोडून ठाण्याला राहायला गेला होता. रूपेशने फोन केला तर म्हणाला, "साइन करून टाक ना भावा. फॉर्मॅलिटी असते. ऑपरेशन महत्त्वाचं की सही?"

रूपेशलाही तेच वाटत होतं. पैसे तो पतपेढीतून उचलणार होता. पण कबुलीपत्र इंग्रजीत होतं, आणि न कळता सही करायला दमयंती तयार होईना. ती चौथीपर्यंत शिकलेली, कणकवलीजवळच्या एका गावात. सहीसुद्धा जपून करायची, एकेक अक्षर लावून.

रूपेश ड्यूटीवर गेल्यावर ती त्याला न सांगता निघाली. करी रोडला एका टॉवरमध्ये कंपनीचं ऑफिस होतं. एरवी पंधरा मिनिटांची वाट. वाटेत ती पाच ठिकाणी बसली. एकदा तर कुणाच्या तरी स्कूटरवरच. गेटवरच्या वॉचमनने "माताजी, किससे मिलना है?" असं विचारलं तर बोलायला दम नव्हता. तिने नुसतं पत्र दाखवलं. त्याने तिला खुर्ची दिली आणि मग लिफ्टमध्ये बसवून नवव्या मजल्यावर पाठवलं.

काउंटरवर पंचविशीची एक मुलगी होती. शेफाली असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं.

"ह्या काय लिहिलंय ते मला मराठीत सांग," दमयंती म्हणाली.

मुलीने कागद घेतला. "मी असं मान्य करते की मी तंबाखूचं सेवन करते, आणि पॉलिसी घेताना ही गोष्ट मी जाणूनबुजून लपवून ठेवली..."

"थांब. जाणूनबुजून?"

"म्हणजे माहीत असून, मुद्दाम."

"मी कधी लपवलं? मला कुणी विचारलं?"

"फॉर्ममध्ये प्रश्न असतो ना, आजी."

"दाखव."

शेफालीने जरा शोधाशोध केली आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. मग स्वतःच वाचून दाखवलं. धूम्रपान करता का? नाही. तंबाखू, गुटखा किंवा पानमसाला चघळता का? नाही.

"ह्या खरंच आहे," दमयंती म्हणाली. "मी ओढत नाय, मी चघळत नाय. मी दाताला लावते आणि चूळ भरते."

"पण ती तंबाखूच आहे ना, आजी?"

"आहे. तंबाखूच आहे. मग विचारायची होती ना तशी. त्या डॉक्टरणीने बरोब्बर विचारलं, मी बरोब्बर सांगितलं."

शेफालीने काहीतरी टाइप केलं. "मी तुमचं म्हणणं लिहून ठेवते. पण माझ्या हातात काही नाही. एकोणीसपर्यंत मुदत आहे."

"सही केली तर बिल नक्की पास होणार?"

"ते वरून ठरतं."

"म्हणजे पैसे घेऊन, सही घेऊन, मग नाय पण म्हणू शकतात?"

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दमयंतीला तेवढं पुरलं. एकवीस वर्षं ती गिऱ्हाइकं बघत आली होती. समोरचा कधी गप्प बसतो हे तिला कळायचं.

"लिही मग, दमयंती घाडी सही करणार नाय म्हणून," ती म्हणाली आणि काउंटर धरून उठली.

त्या दिवसापासून घरात दोघांचं बोलणं तुटल्यासारखं झालं. रूपेश समजावायचा, चिडायचा, हात जोडायचा. "आई, तू मरशील ग. कळतंय का तुला? चोवीस तारीख आहे."

"सही केली की त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल."

"तुला काय कळतं त्यातलं? वकील आहेस तू?"

"मी लपवूक नाय," ती म्हणायची. चिडली की तिची मालवणी बाहेर पडायची. "मी काय एक लपवूक नाय."

पण आडवं पडलं की जीव घाबरायचा. पाठीशी तीन उशा लावून ती बसल्या बसल्या डोळे मिटायची, आणि पोराचं बरोबर असेल तर काय, या विचाराने दचकून उघडायची. हट्टापायी आपण मेलो तर हा एकटा पडेल. दोनदा तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं, दे तो कागद, म्हणायला. दोन्ही वेळा ते 'जाणूनबुजून लपवून ठेवली' आड आलं.

एकोणीस तारखेला रूपेश लवकर घरी आला. तोंड धुतलं आणि पाठ करूनच म्हणाला, "पैसे भरले. सही लागली नाही."

"लागली नाय?"

"नाही म्हणाले. चालेल म्हणाले."

तिला ते पटायला नको होतं. तिने पटवून घेतलं. त्या दिवशी ती चार घास जास्त जेवली.

बावीसला पत्र आलं. तंबाखूचं सेवन जाणूनबुजून लपवल्याचं विमाधारकाने स्वतः लेखी मान्य केलं असल्याने क्लेम नाकारण्यात येत आहे आणि पॉलिसी रद्द करण्यात येत आहे. भरलेली रक्कम मागील येण्यापोटी जमा धरली आहे. सोबत कबुलीपत्राची झेरॉक्स. रूपेश मोबाइलवर हॉस्पिटलशी बोलत होता, तेव्हा दमयंतीने ती झेरॉक्स उचलली. खाली सही होती. अक्षर तिच्यासारखंच, जरा थरथरतं. पण 'दमयंती'मधली वेलांटी दीर्घ होती. ती स्वतः जन्मभर ऱ्हस्व काढत आली होती. बँकेच्या पासबुकापासून रेशनच्या अर्जापर्यंत सगळीकडे दमयंति.

"रूपेश, ही कोणी केली?"

त्याने फोन खाली ठेवला. मोरीच्या कट्ट्याला टेकून तो खाली बसला आणि कपाळ गुडघ्यांवर टेकलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

हॉस्पिटल म्हणालं, तीन लाख आधी भरा. पतपेढीतून जेवढं निघत होतं तेवढं काढून झालं होतं. रूपेशने सरकारी हॉस्पिटलात नाव घातलं आणि रोज तिथे जाऊन नंबर पुढे सरकतो का बघू लागला. सोळाव्या दिवशी सकाळी दमयंती चहा गाळत होती. पातेलं हातातून सुटलं. ती वाकून उचलायला गेली तर उजवा हात तिचं ऐकेना. तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत राहिला. शेजारच्या गंगुबाई धावत आल्या. त्यांना काय झालं ते सांगायला गेली, तर तोंडातून नुसती लाळ आली.

आवळलेल्या झडपेमागे रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून मेंदूत गेली होती. झडप वेळेवर बदलली असती तर? रूपेशने सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले, पण म्हणण्याआधी जरा थांबले. पाच आठवडे तिला तिथेच ठेवून, मेंदू सावरल्यावर, त्यांनी झडप बदलली. योजनेतून, एक पैसा न घेता. दमयंती जगली. धाप गेली. शब्द हळूहळू परत आले, जड जिभेने, अडखळत. हात आला नाही.

दादरला ग्राहकांना मोफत सल्ला देणारी एक खोली होती. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी जयवंत सामंत नावाचे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ बसायचे. रूपेश सगळे कागद घेऊन गेला. सामंतांनी चष्मा पुसून सगळं वाचलं.

"सलग पाच वर्षं पॉलिसी चालली, की कंपनीला जुनं उकरून काढता येत नाही," ते म्हणाले. "तुमची तर सहा झाली होती. फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच त्यांना हात घालता येतो."

"ती कशी सिद्ध करणार?"

सामंतांनी कबुलीपत्रावर बोट ठेवलं. "याने. एवढा कागद नसता तर त्यांच्याकडे काहीच नव्हतं. सही आईचीच ना?"

"हो," रूपेश म्हणाला.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं आणि आईसमोर रडला. खोटी सही केली म्हटलं तर प्रकरण पोलिसांत जाईल, नोकरी जाईल. दमयंतीने डाव्या हाताने त्याला जवळ ओढलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "मी सांगन... सही माझी. इंग्रजी... कळला नाय. तू... बोलू नको." त्याने मान हलवली. सामंतांनी विमा लोकपालाकडे तक्रार लिहून दिली, आणि त्यात हेच लिहिलं.

पाच महिन्यांनी सुनावणी लागली. टॅक्सीतून उतरताना दमयंती मनातल्या मनात एकच शब्द घोकत होती: माझी, माझी. हजेरीच्या कागदावर सही करायला शिपायाने पेन पुढे केलं, तिचा हात बघितला आणि न बोलता शाईचं पॅड आणलं. डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवताना तिला शरमल्यासारखं झालं. चौथी शिकलेली बाई ती. अंगठा तिने आयुष्यात कधी लावला नव्हता.

टेबलामागे लोकपाल होत्या, पन्नाशीच्या बाई. समोर कंपनीचा माणूस, जाडजूड फाइल घेऊन. सामंत एका बाजूला. बाईंनी कबुलीपत्र दमयंतीपुढे सरकवलं.

"आजी, ही सही तुमची आहे का?"

तिने तोंड उघडलं. "मा..." जीभ अडकली. सगळे थांबले. "मा... झी."

"मॅडम, आमचं म्हणणं यातच आलं," कंपनीचा माणूस म्हणाला.

रूपेश उभा राहिला. खुर्ची मागे आपटली. "मॅडम, ती सही माझी आहे. मी केली."

"गप!" दमयंती ओरडली. एवढा एक शब्द मात्र तिच्या तोंडून स्वच्छ निघाला. ती उठायला धडपडली आणि सामंतांनी तिला धरलं.

"आई खोटं बोलतेय, माझ्यासाठी," रूपेश म्हणाला. "ती सही करायला तयारच नव्हती. पाच वाजता मुदत संपत होती. ऑपरेशन पाच दिवसांवर होतं. मी त्यांच्याच बिल्डिंगखाली बसून सही केली. ती स्वतः त्या ऑफिसात जाऊन नाही म्हणून आली होती, श्वास घेता येत नसताना."

"कधी गेल्या होत्या?" बाईंनी विचारलं. मग त्या कंपनीच्या माणसाकडे वळल्या. "तुमच्याकडे भेटीची नोंद असेल ना?"

तो म्हणाला, बघावं लागेल. बाई म्हणाल्या, बघा, मी थांबते. अर्ध्या तासाने ऑफिसातून मागवलेला कागद आला. त्यात दोन ओळी होत्या. ग्राहक प्रत्यक्ष आल्या. मशेरीबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न नव्हता असे त्यांचे म्हणणे असून कबुलीपत्रावर सही करण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला आहे. खाली तारीख आणि शेफालीचं नाव.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मग रूपेशला म्हणाल्या, "तुम्ही जे केलंत तो गुन्हा आहे, हे तुम्हाला कळतंय?"

"कळतंय."

"बसा खाली."

सात आठवड्यांनी निकाल आला. फॉर्ममध्ये न विचारलेली गोष्ट लपवली असं म्हणता येत नाही; मागील हप्त्यांची वसुली चुकीची; रक्कम व्याजासह परत करावी, पॉलिसी पूर्ववत सुरू करावी, खाजगी हॉस्पिटलातल्या तपासण्यांचा खर्च द्यावा. मोठं ऑपरेशन योजनेतून झालं असल्याने त्याचं काही देणं निघत नव्हतं. हाताबद्दल निकालात अवाक्षर नव्हतं. सामंत म्हणाले, त्यासाठी ग्राहक न्यायालयात जावं लागेल, दोन-तीन वर्षं धरून चला. खोट्या सहीबाबत कंपनीला योग्य वाटेल ती कारवाई करण्याची मुभा होती. कंपनीने अजून तरी काही केलेलं नाही. पण मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला की रूपेशचा चेहरा उतरतो.

परत आलेले पैसे पतपेढीत गेले. मसाल्याच्या दुकानात दमयंतीच्या जागी दुसरी बाई लागली. मालकाने एक महिन्याचा पगार घरी आणून दिला आणि दारातूनच परत गेला.

आठवड्यातून दोनदा रूपेश अर्धी रजा टाकून तिला हाताच्या व्यायामाला नेतो. तिथे बाकावर बसून एक मऊ चेंडू मुठीत धरायचा आणि दाबायचा. परवा तिचा व्यायाम चालू असताना तो शेजारी बसून होता. मग चेंडूकडे बघतच म्हणाला, "आई, मी सही केली नसती तर वेळेवर झालं असतं का ग?"

दमयंतीने यावर पुष्कळ विचार केलेला होता. त्याने सही केली नसती, तर एकोणीसलाच पॉलिसी रद्द झाली असती आणि सरकारी नंबरच लागला असता, असंही तिच्या मनात यायचं. आपण पहिल्याच दिवशी सही केली असती, तर कदाचित कुणी एवढं बघितलंही नसतं, बिल पास होऊन गेलं असतं, असंही यायचं. कुठूनही निघाली तरी शेवटी तिला भिंतच लागायची. त्याला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, असं तिला फार वाटलं.

"माका... ठावक नाय रे," ती म्हणाली.

व्यायाम करून घेणारी मुलगी जवळ आली. तिने दमयंतीची बोटं एकेक करून चेंडूभोवती बसवली आणि म्हणाली, "अजून दहा वेळा, मावशी. जोर लावा." दमयंतीने जोर लावला. खांदा हलला, कोपर हललं, मानेची शीर ताठली. बोटं होती तशीच राहिली. रूपेशने घड्याळ बघितलं. अडीचला त्याला कामावर पोचायचं होतं.